जाळीच्या अलीकडे

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला खाली उरमोडीचं पाणी दिसतं आणि त्याच्या पलीकडे सज्जनगड. पाटबंधारे खात्यात हयात घालवलेल्या एका इंजिनिअरसाहेबांनी ही वाट नोकरीत असताना पुष्कळदा पाहिली होती, पण जीपच्या काचेतून. निवृत्त झाल्यावर राहायचं तर इथंच, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. घराणं कराडकडचं, शेतकऱ्याचं. सातबारा नावावर, त्यामुळे जमीन घेण्यात अडचण आली नाही. कासच्या पुढं, बामणोलीच्या अंगाला असलेल्या एका वाडीत त्यांना दोन एकर मिळाली. वाडीचं नाव सांगत नाही. अशा वाड्या तिथं बऱ्याच आहेत, आणि असे साहेबही.

दोन एकरांतला निम्मा तुकडा घर बांधण्याजोगा होता. उरलेला निम्मा म्हणजे नुसता सडा, जांभ्या दगडाचं सपाट पठार. उन्हाळ्यात तिथं पाय ठेववत नाही आणि त्याकडं पाहून कुणी म्हणणार नाही की इथं काही उगवत असेल. पाऊस सुरू झाला की दगडाच्या खोलगटांत पाणी साचतं, बोटभर मातीला ओल धरते आणि ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत त्या दगडावर रंग बदलत राहतात. गेंदाचा पांढरा, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा, तेरड्याचा गुलाबी, मग सोनकीचा पिवळा. साहेबांनी जमीन घेतली ती या एका एकरासाठी. बाकीची जमीन त्याच्यासोबत आली एवढंच.

साहेबांचं निसर्गप्रेम खोटं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर गोष्टीतला साहेब म्हणजे मूर्ख, असं वाचणारा धरून चालतो. साहेबांनी पुस्तकं आणली, दुर्बीण आणली, ओसरीच्या भिंतीवर पठारावरच्या फुलांचा तक्ता लावला. प्रत्येक फुलाचं मराठी नाव, खाली शास्त्रीय नाव, शेजारी चौकोन. फूल दिसलं की चौकोनात बरोबरची खूण आणि तारीख. सकाळी सहाला खुर्ची ओसरीत, चहाचा थर्मास शेजारी, दुर्बीण गळ्यात. जग विसरून ते दोन-दोन तास बसत. पाहुणे आले की त्यांनाही तिथंच बसवत आणि म्हणत, "बघा, एकही माणूस नाही समोर!"

आपल्याकडं शाळेतल्या पोराला निसर्गचित्र काढायला सांगितलं की ते दोन डोंगर काढतं, मधे सूर्य, खाली नदी, काठाला झोपडी. झोपडीच्या दारात माणूस मात्र काढत नाही. साहेबांच्या डोळ्यांपुढचं चित्र तेच होतं.

अडचण होती ती गुरांची. वाडीतली गुरं वरच्या सड्यावर चरायला जात, ती साहेबांच्या जमिनीतून. शेवटच्या घरातून निघालेली वाट त्यांच्या फुलांच्या तुकड्याला तिरकी छेदून पलीकडच्या पाणवठ्याकडं जाई. सकाळी पंधरा-वीस जनावरं दुर्बिणीच्या आडवी येत आणि संध्याकाळी पुन्हा. मागं शेण राही, खुरांचे ठसे राहत. त्याच सुमारास कास गाजू लागलं होतं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या काही जागा जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांत कासचं नाव लागलं आणि सप्टेंबरातल्या रविवारी साताऱ्यापासून गाड्यांची रांग लागू लागली. साडेआठशेच्या वर फुलझाडांच्या जातींची नोंद असलेलं ते पठार लोक फोटोसाठी तुडवू लागले. काही जण तर फुलांवर लोळून फोटो काढत. मग वन विभागानं तिथं लोखंडी जाळी उभी केली. जाळीनं माणसं आवरली. गुरंही आवरली. साहेबांनी ती जाळी पाहिली आणि पुढच्याच महिन्यात साताऱ्याहून सिमेंटचे खांब आणि जाळीच्या गुंडाळ्या मागवल्या.

खांब रोवायचं काम चालू असताना शेवटच्या घरातल्या मावशी आल्या. वाडीत त्यांना सगळे मावशीच म्हणत, साहेबही म्हणू लागले होते. बरोबर दोन गाई, एक वासरू. त्यांनी आधी खांबांकडं पाहिलं, मग साहेबांकडं.

"सायेब, ही वाट आमच्या सासऱ्याच्या बापापासनं हाय. गुरं वर जात्यात, पानी पित्यात, दिवस मावळायच्या आत माघारी येत्यात. तुमाला काय तरास व्हायचा न्हाई."

साहेबांनी आत जाऊन गावनकाशाची प्रत आणली. कागद उलगडून बोटानं दाखवत ते अगदी सौम्यपणे म्हणाले, "मावशी, मी कुणाचा हक्क मारत नाहीये. बघा, नकाशात इथं वाट नाहीच."

मावशींनी कागदाकडं पाहिलंही नाही. "नकाशा करणारा गुरांमागं चालला नसंल," एवढं म्हणून त्यांनी गाई वळवल्या.

कागदावर साहेबांचं बरोबर होतं. वाडीनं भांडण केलं नाही, तक्रार केली नाही. गुरं ओढ्याच्या बाजूनं वळसा घालून जाऊ लागली आणि मावशींचं सकाळचं चालणं अर्ध्या तासानं वाढलं. कुणी जाब विचारत नाही म्हणजे कुणाला काही वाटत नाही, असा आपला एक सोयीचा समज असतो. साहेबांचाही होता.

पहिल्या वर्षी जाळीच्या आत फुलांनी कहर केला. ना खूर, ना शेण, ना मोडलेली काडी. पुण्याहून, कराडहून नातेवाईक येऊन गेले, ओसरीवर भज्यांचे घाणे उतरले. तक्त्यातले बरेच चौकोन भरले. साहेबांनी वाडीतल्या दोघातिघांना बोलावून मुद्दाम दाखवलं. ते "बेस हाय" म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

दुसऱ्या वर्षी गवत जरा जास्त वाटलं. पाऊस लांबला होता, त्यामुळे असेल, असं साहेबांनी वहीत लिहिलं. तिसऱ्या वर्षी सप्टेंबर आला तरी जाळीच्या आत हिरवं ते हिरवंच. गुडघ्याच्या वर गेलेलं दाट गवत, त्याच्या बुडाशी गेल्या वर्षीचं वाळून कुजलेलं पिंजर, आणि कडेकडेनं चुकारपणे आलेला तेरडा. सोनकी उंच म्हणून दिसली. बाकी बारीक फुलं नाहीतच. साहेबांनी पावसाचे आकडे काढले, मातीचा नमुना तपासायला पाठवला, कीड लागली का ते भिंग घेऊन पाहिलं. इंजिनिअर माणूस, कारण सापडल्याशिवाय झोप लागेना. आणि चमत्कारिक गोष्ट अशी की जाळीच्या पलीकडे, जिथून आता गुरं वळसा घालून जात होती तिथल्या दगडावर, निळा-पांढरा गालिचा पसरला होता. खुर्ची होती तिथंच होती, दुर्बीण तीच होती. फक्त आता ती जाळीच्या भोकातून पलीकडे रोखावी लागत होती.

साताऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक स्नेही आले तेव्हा साहेबांनी त्यांना तुकडा दाखवला. ते गवतात शिरले, खाली बसले, हातानं पिंजर बाजूला केलं.

"इथं सीतेची आसवं होती?"

"भरपूर."

"दोन-चार इंचांचं रोप ते. डोक्यावर एवढं गवत आल्यावर त्यानं ऊन कुठून घ्यायचं? पूर्वी हे गवत कोण कापायचं?"

"कोणीच नाही. मोकळंच होतं."

प्राध्यापक हसले. "मोकळं होतं म्हणजे गुरं येत असणार." नंतर जेवताना दुसरे विषय निघाले. साहेबांना ते बोलणं पटलं नाही. गुरं फुलं तुडवतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्याच हंगामात एका दुपारी धुकं उतरलं. त्या भागातलं धुकं ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. हात लांब केला तर पंजा दिसत नाही. चार वाजता मावशी जाळीपाशी आल्या. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात काठी.

"सायेब, तांबडी दिसली का? गाभन हाय, दिस भरल्यात. कळपातनं फुटली. पोरगं साताऱ्याला गेलंय."

साहेबांनी नाही म्हटलं. आत वळले, थांबले, आणि गमबूट चढवून, बॅटरी घेऊन बाहेर आले. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. एवढी वर्षं त्या वाडीत राहून ते जाळीच्या पलीकडे पायी असे गेलेच नव्हते. कासला जायचे ते गाडीनं, वजराई धबधब्याला गेले ते गाडीनं आणि वासोट्याला गेले तेही बामणोलीहून लाँचनं.

पहिल्या दहा मिनिटांत मावशींनी त्यांना तीनदा थांबवलं. "काळ्या दगडावर पाय द्या. वल्या मातीवर देऊ नगा." साहेब बॅटरीचा झोत खाली धरून पाहू लागले, तर ओल्या मातीवर बारीक निळं काहीतरी थरथरत होतं. सीतेची आसवं. मुळांसारख्या तंतूंवर लहानशा पिशव्या असतात, त्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव अडकवून हे रोप पोट भरतं, हे साहेबांना पुस्तकातून ठाऊक होतं. इतक्या जवळून, गुडघे टेकून त्यांनी ते आजच पाहिलं.

"ह्ये गाय खात न्हाई," मावशी म्हणाल्या. "ती ह्याच्या शेजारचं गवत खाती."

मावशींचं सगळं ज्ञान असं गाईच्या तोंडातून आलेलं होतं. हे खाते, हे टाकते, ह्यानं दूध पातळ होतं, ह्या गवतानं पोट फुगतं. फुलांची नावं त्यांना थोडीच ठाऊक होती. कुठल्या खोलगटात पाणी आधी साचतं आणि कुठल्या उताराला गवत शेवटी वाळतं, हे मात्र त्यांना धुक्यातही दिसत होतं. वाट डोळ्यांनी नव्हे, पायांनी चालली होती. ओढ्याचा आवाज डाव्या कानाला आहे तोवर वर चढायचं. वारा समोरून लागला की कडा जवळ आला, थांबायचं. साहेबांनी जन्मभर उंची मोजली होती ती उपकरणानं. त्यांना हे मोजमाप चुकीचं आहे असं म्हणायला काही जागा सापडेना.

कारवीच्या रानात शिरले तेव्हा अंगावर पाणीच पाणी. साहेबांनी विचारलं, "ही कधी फुलणार?"

"औंदा न्हाई. धाकल्या नातीच्या बारशाला फुलल्याली. आता ती दुसरीत जाईल तवा."

सात वर्षांचं चक्र साहेबांच्या तक्त्यातही लिहिलेलं होतं. तिथं नातीचं बारसं नव्हतं. मावशी पुढं बोलत राहिल्या. ह्याच कारवीच्या काठ्यांचा कूड घालून त्यांच्या सासऱ्यानं घर उभं केलं होतं, आणि कारवी फुलली की मध कडेकपारीत कुठं शोधायचा ते त्यांच्या नवऱ्याला ठाऊक होतं. नवरा गेला, पोराला मध शोधता येत नाही, तो साताऱ्यात गाडी चालवतो.

रान ओलांडल्यावर एक डबकं लागलं. काठावर खुरांचा नुसता चिखल. साहेबांनी सवयीनं नाक मुरडलं आणि बॅटरी फिरवली. पाण्याच्या वर दोन फाट्यांचे गुलाबीसर तुरे उभे होते. वायतुरा. साताऱ्याच्या परिसरातल्या मोजक्या पठारांवर उगवणारी ही पाणवनस्पती. तक्त्यातला तिचा चौकोन तीन वर्षं कोरा होता. एकदा तिच्यासाठी त्यांनी पुण्याहून आलेल्या छायाचित्रकाराला गाडीतून दिवसभर फिरवलं होतं.

"मावशी, हे कुठं आलो आपण?"

"ह्यो पानवठा. तुमच्या घरापासनं जुन्या वाटंनं इस मिंटं. आता जाळीमुळं लांब पडतोय."

साहेब त्या चिखलात बराच वेळ उभे राहिले. फोटो काढायचं सुचलं नाही. मावशी पुढं गेल्या म्हणून तेही निघाले.

कड्यापाशी पोचले तेव्हा वाऱ्यानं धुकं घडीभर फाटलं. खाली कोयनेचं पाणी, शिवसागर, आणि पलीकडे वासोट्याकडची डोंगररांग. साहेबांच्या तोंडून "वा!" निघालं. मावशींनी काठी उचलून पाण्याच्या एका फाट्याकडं दाखवलं.

"थितं माझं म्हायेर हाय. खाली. मी लहान व्हते. भाऊबंद कुनी ठाण्याकडं गेलं, कुनी सांगलीकडं." मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "धरनाच्या नकाशात आमचं गाव व्हतं का वं, सायेब?"

कोयनेचं धरण साहेबांच्या नोकरीच्या आधीचं. पण असे नकाशे त्यांनी स्वतः काढले होते. त्यात गावं असतात. बुडणाऱ्या गावांभोवती रेघ मारलेली असते आणि आत घरांचा आकडा. ते म्हणाले, "असणार." आणखी काही बोलले नाहीत. धुकं परत मिटलं.

गाय सापडली नाही. अंधार पडल्यावर दोघं माघारी वळले. वाटेत मावशींनी पदरात टाकळा खुडून घेतला. वाडीच्या वर आल्यावर त्यांना हंबरणं ऐकू आलं, तेही साहेबांच्या घराच्या दिशेनं. बॅटरी टाकली तर जाळीच्या वरच्या कोपऱ्यात, जिथं जुनी वाट पलीकडून येऊन अडत होती, तिथं तांबडी उभी होती. पायाशी ओलं वासरू, लटपटत उठायच्या खटपटीत.

मावशी हसत सुटल्या. "आपन सारं रान पालथं घातलं आन् ही आपली वाटंवर हुबी! तिला कुनी सांगितलंच न्हाई वाट मोडल्याली."

वासरू साहेबांनी उचललं आणि मावशींच्या गोठ्यापर्यंत नेलं. सदऱ्याचं जे व्हायचं ते झालं. त्या रात्री मावशींच्या घरी नाचणीची भाकरी, टाकळ्याची भाजी आणि कोरा चहा झाला. एवढी वर्षं शेजारी राहून साहेब त्या घराच्या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदाच बसले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाळी काढली असं सांगितलं तर गोष्ट नेटकी होईल, पण तसं झालं नाही. हाडाचा इंजिनिअर. त्यांनी आधी एक लोखंडी फाटक करायला टाकलं, दोन गाई शेजारी शेजारी जातील एवढं रुंद, सकाळी आठ ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सहा उघडं. मावशींना दाखवलं. त्यांनी विचारलं, "गुरांनी तिकीट काढायचं का वं, भाऊ?" सायेबाचा भाऊ झाला होता, तरी टोमणा सुटला नाही. पुढच्या महिन्यात वरच्या आणि खालच्या बाजूची जाळी निघाली. खांब तसेच राहिले. त्यांवर आता मावशींची धुणी वाळतात.

फुलं लगेच आली नाहीत. पुढच्या सप्टेंबरात गवत जरा उतरलं होतं, इतकंच. त्याच्या पुढच्या वर्षी वाटेच्या दोन्ही कडांना गेंद आला, मग खोलगटात निळं दिसू लागलं. पहिल्या वर्षीचा तो कहर पुन्हा झाला नाही आणि साहेबांनाही त्याची फारशी ओढ राहिली नाही. ते सकाळी खुर्चीत कमी आणि गुरांमागं जास्त असतात. शेणावरून त्यांची कुरकुर अजून चालू आहे. एका गोऱ्ह्यानं त्यांची पपई खाल्ली तेव्हा तर त्यांनी सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा आरडाओरडा केला. तक्ता भिंतीवर आहे, पण वायतुऱ्याचा चौकोन त्यांनी भरलेला नाही. पाहुण्यांनी विचारलं की ते तारीख आठवत नाही म्हणतात, आणि पाहुण्यांना पाणवठ्यापर्यंत चालायला लावतात. जे गाडी कुठपर्यंत जाते असं विचारतात, त्यांना पुन्हा बोलावत नाहीत. हे जरा जास्तच झालं असं माझं मत आहे, पण ते ऐकणार नाहीत.

कासच्या पठारावरची लोखंडी जाळीही पुढं काढण्यात आली. गुरांची ये-जा थांबल्यावर गवत माजलं आणि फुलं घटली, असं आसपासच्या गावांतली माणसं सांगत होती, आणि अभ्यासकांतही ते म्हणणारे होते. माणसांच्या गर्दीला मात्र आवर घालावाच लागतो, म्हणून हंगामात तिथं रोजच्या पर्यटकांची संख्या ठरवलेली असते, शुल्क असतं, आणि कास व शेजारच्या गावांतली माणसं राखण करतात. आखलेल्या पायवाटेवरूनच चाला, असं ती सांगतात तेव्हा हुज्जत घालू नका. फोटोसाठी फुलांत बसू नका. आणि परतताना रस्त्यावर गुरांचा कळप आडवा आला, तर इंजिन बंद करा, हॉर्न वाजवू नका आणि ती सगळी पलीकडे जाईपर्यंत थांबा. ती तिथं कामाला आलेली असतात.